हसऱ्या विधवेचा ओढा

—हसरी विधवा. म्हण ना, अडखळतेस कशाला? तुझ्या फायलीवर ठळक छापलंय, मला इथून उलटंही वाचता येतंय. 'हसऱ्या विधवेचा पूल. नियोजित नाव. आलेल्या हरकती – एक.' ती एक म्हणजे मी, ग्लेनिस पास्को. बस अशी खिडकीजवळ, तिथे पंखा लागतो. एका हरकतीसाठी राजधानीतून पाच तास गाडी हाणत आलीस? कमाल आहे बाई. याआधी चार अर्ज केले मी, ओढ्याचं नाव बदला म्हणून – चारही वेळा तुमच्या खात्याचं पत्र आलं, माणूस नाही आला. 'पुराव्याअभावी विचार करता येत नाही.' चारही पत्रांत शेवटी तेच वाक्य, सही तेवढी निराळी. आता नवा पूल झाला, सिमेंटचा, त्याला नाव द्यायचंय, पाटी लावायचीय, मंत्री येणार आहे फीत कापायला – म्हणून आज तू आलीस. असू दे. आलीस ना. चहात दूध किती? आणि हा केक घे, खोबऱ्याचा आहे, कालचाच आहे.

नावांचं विचारतेस तर या भागातलं एक नाव मी सोडलेलं नाही. हे म्युझियम एकवीस वर्षं चालवतेय मी, बुधवार नि शनिवार, किल्ली माझ्याकडे. गावाचं नाव हॅरियट का? रेल्वेच्या मोठ्या साहेबाची बायको हॅरियट. स्टेशनाच्या उद्घाटनाला आली होती – याच स्टेशनाच्या, आपण बसलोय ती बायकांची वेटिंग रूम – आणि डब्यातून खाली उतरलीच नाही. माश्या फार आहेत म्हणाली. खिडकीतून हात हलवला आणि गाडी माघारी. त्या हलवलेल्या हाताच्या नावानं आम्ही सगळे राहतो. पलीकडे ती बिस्किट टेकडी – चर्चच्या सहलीची बिस्किटं घेऊन चाललेली बैलगाडी तिथे उलटली, पाद्री धावत पोचेपर्यंत मेंढ्यांनी डबेसुद्धा चाटून लख्ख केले होते. आणि तू आलीस तो 'चुकीचा रस्ता' – हो, पाटीवर तेच आहे – दोन सर्व्हेअर दोन टोकांकडून निघाले, दोघांचं भांडण, एकमेकांशी बोलत नव्हते, मध्यावर आले तर चाळीस पावलांचा फरक! अजून तो रस्ता तिथे गुडघ्यात मोडल्यासारखा वळतो. हास हास, त्यात काय. अशी नावं मलाही आवडतात. कुणाचं काही बिघडत नाही. साहेबाची बायको मरून शंभर वर्षं झाली, मेंढ्या अर्ज करत नाहीत.

पण नाव पडतं कसं, ते तुला तुमच्या खात्यात शिकवलं का? खऱ्यानं नाही पडत. पबमध्ये जो सगळ्यात मोठ्यानं बोलतो त्याच्या तोंडून पडतं, आणि शेजारी कागद-पेन्सिलवाला बसलेला असला की संपलं. छप्पन साली नकाशावाले आले. तीन पोरं, उन्हानं भाजलेली, डॉसनच्या पबात उतरली होती. दिवसभर मोजायची आणि संध्याकाळी विचारायची, या टेकडीला काय म्हणता, त्या ओढ्याला काय म्हणता. मर्व डॉसन, पबचा मालक, गल्ल्यावरून ओरडला – त्याला? त्याला हसऱ्या विधवेचा ओढा म्हणतात! आणि सगळा पब टेबलं बडवत हसला. त्या पोरानं लिहून घेतलं. वर्षभरानं नकाशा छापून आला, शाळेत भिंतीवर लागला. बाई छडीनं एकेक नाव दाखवायच्या आणि आम्ही म्हणायचं. बिस्किट टेकडी. चुकीचा रस्ता. मग छडी ओढ्यावर आली आणि वर्गातलं एकूणएक डोकं माझ्याकडे वळलं. मी अकरा वर्षांची होते. बाईंनी छडी तिथून उचलली नाही. 'पास्को, तूच वाच,' म्हणाल्या.

वाचलं मी. काय करणार?

तो तिथला फलक बघितलास ना आत येताना? मी म्हणून दाखवते, पाठ आहे मला – 'सन १९५२. दारुड्या क्लॅरी पास्कोचा ट्रक पुरात अडकला. काठावर उभी असलेली त्याची बायको इल्मा त्याला बुडताना बघून खदाखदा हसत राहिली.' आणि खाली चित्र. जाडजूड बाई, कमरेवर हात, तोंडात बत्तीस दात. तेच चित्र त्या रॅकवरच्या टॉवेलांवर. बारा निळे, बारा पिवळे, दर ईस्टरला मी मागवते आणि मीच विकते. हो, मीच. कमिटी म्हणते, ग्लेनिस, गावात लोक थांबतात ते या एका गोष्टीसाठी, नाहीतर इथे आहे काय? बरोबरच आहे त्यांचं, आहे काय इथे? पण माझी आई जाड नव्हती गं. पन्नास किलोसुद्धा भरली नसती. आणि समोरचे दोन दात नव्हते तिला. ते कसे गेले हे त्या चित्रकाराला विचारावंसं वाटलं नाही.

सांगते, सगळं सांगते, तू लिही. पेन चालतंय ना? शिवणाच्या मशीनवरून झालं ते. आई गावातल्या बायकांचे फ्रॉक शिवायची. हॉलमध्ये नाच असला की निम्म्या बायका आईच्या शिलाईत नाचायच्या. बापाला ते खपायचं नाही. माझी बायको दुसऱ्यांच्या बायकांच्या कमरा मोजत बसते म्हणायचा. त्या दिवशी सकाळीच प्यायलेला. आई शिवत होती, त्यानं मशीनचं लाकडी झाकण उचललं आणि तिच्या उजव्या हातावर आपटलं. मग वर हातानं दाबून धरलं. किती वेळ? मला काय कळतंय, सहा वर्षांची होते मी, मला तो वेळ खूप वाटला. मग मशीन उचलून ट्रकवर टाकलं आणि म्हणाला, हे डॉसनच्या बायकोला देऊन टाकतो, तिला तरी नवऱ्याची किंमत आहे. आणि निघाला. आई मागून धावली, एका हातात मी, दुसरा हात असा छातीशी धरलेला, बोटं टम्म फुगलेली.

इकडे पाऊस नव्हता. आपल्या ओढ्याचं तसंच आहे, अकरा महिने वाळू, आणि वर कुठेतरी लांब कोसळलं की इथे रणरणत्या उन्हात पाणी येतं, तपकिरी, झाडं-बिडं घेऊन. बापाला दिसत होतं ते. तरी घातला ट्रक. कुणी मागे बघतंय म्हटल्यावर तो थांबणारा माणूस नव्हता. मधोमध इंजिन बंद पडलं. तो टपावर चढला आणि तिथून आईला शिव्या देऊ लागला – दोर आण, बघत काय बसलीस, दोर आण! आणि आई गेली, पोरी. हे लिही तू. ठळक लिही. कुंपणाचा दोर सोडून आणला, एक टोक खांबाला बांधलं आणि दुसरं घेऊन ती त्या पाण्यात छातीपर्यंत उतरली. पोहता येत नव्हतं तिला. दोर फेकला, त्याच्या हाताला लागलासुद्धा, आणि मग ट्रक कलला, तो पडला, दोराला हिसका बसला आणि तिच्या हातातून सुटला. उजव्या हातातून. बोटं मिटतच नव्हती ना तिची! सकाळी ज्यानं ती चेचली, तोच दोराच्या पलीकडच्या टोकाला होता.

ही गोष्ट आहे का त्या फलकावर? मर्व डॉसन आणि त्याचा भाऊ आमच्याच काठानं खालून धावत येत होते, मध्ये वेताची दाट झाडी, त्यांना दिसलं काहीच नाही धड, ऐकू आलं तेवढं. ते पोचले तेव्हा आई काठावर गुडघ्यावर बसलेली, कपडे छातीपर्यंत भिजलेले. ओले कपडे त्यांनी बघितले. चौकशीत एकानंही सांगितलं नाही.

हो, येतेय मी तिकडे. माहितीय मला तुझ्या फायलीत काय आहे, तो कागद मी पण बघितलाय. हॉलमध्ये चौकशी झाली, शहरातून मॅजिस्ट्रेट आला. मर्व डॉसननं शपथेवर सांगितलं की हसण्याचा आवाज आला, स्वच्छ, खणखणीत, बराच वेळ. मॅजिस्ट्रेटनं आईला विचारलं, मिसेस पास्को, तुम्ही हसलात? आणि आई म्हणाली – हो. मी हसले.

ती म्हणाली म्हणून काय झालं? धक्का बसला होता तिला. माणूस काहीही बोलतो. मॅजिस्ट्रेटनं स्वतः लिहिलंय, 'मानसिक धक्क्यामुळे'. पण गावानं तेवढा शब्द गाळला. गावाला हसणं पुरलं. शिलाईला कुणी येईना. रस्त्यातून निघाली की पोरं मागून हा-हा-हा करायची, मोठी माणसंसुद्धा. आई त्यानंतर हसलीच नाही, खरंच सांगते, सदतीस वर्षं जगली आणि हसली नाही. हॉलमध्ये कधी सिनेमा यायचा, विनोदी, सगळे खुर्च्यांवरून पडायचे हसून, आणि आई रुमालाचा बोळा तोंडात धरून बसायची. दातांनी धरायची. मी शेजारी.

काय म्हणालीस? मग आवाज कुणाचा? पक्ष्याचा. लिहिलंय की मी, चारही अर्जांत लिहिलंय. कूकाबुरा होता. तो अगदी माणसासारखा हसतो, परक्या माणसाला तर फरकसुद्धा – बरं, मर्व डॉसन परका नव्हता, जन्म इथेच गेला त्याचा, पण पूर होता, गडबड होती. दुपारचा नाही ओरडत म्हणतेस? पहाटे नि संध्याकाळी. कुणी सांगितलं? ओरडतो की कधीकधी. तुम्ही शहरातली माणसं पुस्तकात बघून सांगता. म्हणे त्या काळी इकडे नव्हतेच ते पक्षी! तुमच्या खात्यानं तेच लिहिलं होतं तिसऱ्या पत्रात, कुणी पक्ष्यांचा जाणकार आणला होता. पक्ष्यांसाठी जाणकार आणता, माझ्या आईसाठी एक माणूस पाठवता येत नाही?

आणि मी दुसरेही उपाय करून बघितले. मर्ल आंटीकडे गेले होते मी, एक्याण्णव साली. आंटी इथल्या मूळ लोकांपैकी, त्यांचं सगळं कुळ या ओढ्याकाठचं, आपण यायच्या हजारो वर्षं आधीपासून. म्हटलं, आंटी, तुमच्या भाषेत ओढ्याला नाव असेल ना? ते द्या मला. आजकाल खातं तुमची नावं लावतंय, मी अर्ज करते, लगेच होईल. म्हातारी मटारच्या शेंगा सोलत होती, मान वर केली नाही. म्हणाली, 'एवढी वर्षं आमचं नाव विचारायला आली नाहीस, ग्लेनिस. आता आलीस ती आईचे कपडे धुवायला आमचं नाव साबण म्हणून हवंय, म्हणून.' मी म्हटलं, तसं नाही हो. म्हणाली, 'तसंच आहे. आणि डाग कुणाचा आहे ते आधी बघ.' मला राग आला होता फार. महिनाभर तिला दुकानात ओळख दिली नाही मी.

हसले, हसले, हसले! हसण्यासारखं होतं काय तिथे? माणूस बुडत होता. आई पाण्यात, तोंडात चिखल जातोय, तिला हसायला श्वास तरी होता का? विचार कर ना! आणि तिला दिसत पण नव्हतं, ट्रक मध्ये होता, त्या बाजूनं तो पडला, ती विजार फुगलेली काठावरूनच दिसत होती – पाणी आत शिरलं आणि विजारीचे दोन्ही पाय असे फुगले, फुग्यांसारखे, आणि तो मध्ये बसल्यासारखा तरंगतोय, डोक्यावर टोपी तशीच, आणि शिव्या चालूच – कुणालाही हसू आलं असतं, सहा वर्षांच्या पोराला तर –

काय झालं? पेन का खाली ठेवलंस?

मी काय म्हणाले? कुणालाही म्हणाले मी. कुणालाही.

बघू नकोस अशी. चहा घे. गार झाला तर गार घे.

– तो विनोदी दिसत होता, गं. खरंच दिसत होता. माझा बाप, ज्याच्या बुटाचा आवाज आला की मी टेबलाखाली जायची, तो त्या पाण्यात गोल गोल फिरत होता, फुगलेल्या विजारीत. मला वाटलं खेळ आहे. त्याला कुणी काही करू शकतं हेच मला ठाऊक नव्हतं, मग पाण्यानं केलं. आणि मी हसले. मी काठावर उभी होते आणि हसले. माझा आवाज मोठा होता लहानपणी. चर्चमध्ये गायला पुढे उभी करायचे मला.

लहान होता तुम्ही, म्हणतेस. हो, लहान होते. मीही अडुसष्ट वर्षं हेच म्हणतेय. पण तो वळला ना एकदा, फिरता फिरता, आणि त्यानं मला बघितलं. शिव्या थांबल्या. त्याला कळलं की मी त्याला हसतेय. आणि मलाही कळलं की हा आता खेळ नाहीये. कळलं मला तेव्हा, सहा वर्षांच्या पोराला कळत नाही असं कुणी सांगू नये. मी थांबले नाही. टोपी एकटी वाहत गेली तोवर मी हसत होते. आईनं बाहेर येऊन माझ्या तोंडावर हात दाबला, तो सुजलेला हात, तेव्हा थांबले.

आणि मग हॉलमध्ये त्या मॅजिस्ट्रेटनं विचारलं. पहिल्या बाकावर बसले होते मी, पाय जमिनीला टेकत नव्हते. आईनं त्याच्याकडे नाही बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग म्हणाली, हो, मी हसले. इतकं साधं म्हणाली, जसं काही दुकानदारानं विचारलं, साखर का? – हो, साखर.

घरी आल्यावर बोलली का? नाही. कधीच नाही. एकदाच. चौऱ्याहत्तर साली मी पहिला अर्ज लिहिला, टाइप करून आणला, तिला दाखवायला गेले. मोठ्या तोऱ्यात गेले होते, आई, हे बघ, तुझं नाव साफ करतेय. तिनं चष्मा लावून सगळा वाचला, घडी घातली, चूल उघडली आणि आत टाकला. 'ग्लेनी,' म्हणाली, 'ते विचारतील, मग कोण हसलं. काय सांगशील?' मी म्हटलं, पक्षी. आईनं चुलीचं दार लावलं. मग म्हणाली, 'तू नीट जेव जरा, वाळलीयेस.' बस्स. ती गेल्यावर मी पुन्हा अर्ज सुरू केले. ती असती तर एकही करू दिला नसता. मी तिच्यासाठी करते असं सगळ्यांना सांगते मी. तुलाही तेच सांगितलं मघाशी, नाही? खरं तर मला दर शनिवारी तो टॉवेल घडी घालून पिशवीत भरवत नाही. एवढंच आहे ते.

पेन घे. घे म्हणतेय ना. पुरावा हवा होता ना तुमच्या खात्याला, दे त्यांना पुरावा. लिही – मी, ग्लेनिस पास्को, वय चौऱ्याहत्तर, त्या जागी हजर होते. इल्मा पास्को हसली नाही. ती नवऱ्याला काढायला छातीपर्यंत पाण्यात गेली होती. हसले ते मी. – 'लहान असताना' घालू नकोस. काट. वय किती ते त्यांना हिशेब करून काढू दे. – आण इकडे, सही करते.

आणि मला माहितीय काय होईल ते. कमिटीला आनंदच होईल. हसऱ्या पोरीचा पूल! नवं चित्र काढतील, दोन वेण्या, गालाला खळी, हातात फुगा देतील एखादा. टॉवेल आणखी खपतील. खपू देत. आईचं नाव उतरतंय ना त्या पाटीवरून? मग लावू देत काय लावायचं ते.

नको, उठू नकोस. हात नको लावूस मला. माझ्या खांद्याला हात लावायला तू कोण गं, पाच तासांपूर्वी तुला मी ठाऊक तरी होते का? केक बांधून देऊ? नको तर नको. फाईल घे, छत्री राहिली बघ तुझी. आणि उजेड आहे तोवर निघ, अंधार पडला की कांगारू रस्त्यावर येतात, गाडीचा चुराडा करतात.

काय अजून? झालं की सगळं. जा तू. दार ओढून घे, माश्या येतात.